‘राजी’चे गुणदोष : खेळाची समीक्षा कशी करावी?

आमच्या महाविद्यालयात बी. ए.च्या शेवटच्या वर्षातील मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका कलाकृतीचे समीक्षण लिहून आणावे, असा प्रघात आहे. बहुतेक जण कादंबरी निवडतात, काही नाटक निवडतात. अलीकडे चित्रपटही येऊ लागले आहेत. गेल्या वर्षी औराद तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने माझ्या टेबलावर चार पाने ठेवली. विषय होता ‘राजी’ नावाचा व्हिडिओ गेम. मी शीर्षक वाचले आणि पाने परत केली. “हा वाङ्मयाचा विषय नव्हे. दुसरे काही तरी लिहून आण,” असे त्याला सांगितले.

विद्यार्थी नम्र आहे, पण गप्प बसणारा नाही. तो म्हणाला, “सर, नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय शिकवताना तुम्हीच सांगितलं होतं, की देवांनी ब्रह्मदेवाकडे खेळणंच मागितलं होतं.”

मी निरुत्तर झालो, कारण त्याचे म्हणणे खरे होते. भरताच्या ग्रंथात नाट्याची उत्पत्ती सांगताना इंद्रादी देव ब्रह्मदेवाजवळ जातात आणि आम्हांला एक ‘क्रीडनीयक’ हवे, असे मागणे मागतात. ते डोळ्यांना दिसावे आणि कानांना ऐकू यावे, एवढीच त्यांची अट असते. त्या मागणीतून नाटक जन्माला आले. म्हणजे ज्या नाटकाला आपण आज अभ्यासक्रमात मानाचे पान देतो, त्याचे पहिले नाव खेळणे हेच होते. मग खेळण्याची समीक्षा करावयास निघालेल्या मुलाला मी कोणत्या तोंडाने परत पाठविणार?

पाने ठेवून घेतली आणि रात्री वाचली. भाषा चांगली होती, अभ्यासही होता. पण चार पानांत ‘राजी’चा एकही दोष सांगितलेला नव्हता. हा खेळ आपल्या माणसांनी केला आहे. परदेशी समीक्षकांनी त्याला नावे ठेवली, कारण त्यांना आपली संस्कृती कळत नाही, असा एकंदर सूर होता. विषयापेक्षा हा सूर मला अधिक खटकला. पुढे दोन महिने त्याच विद्यार्थ्याच्या मदतीने मी तो खेळ खेळलो आणि त्याविषयी जे लिहिले गेले आहे त्यातील जमेल तेवढे वाचले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो. खेळ न खेळणाऱ्या वाचकांनी भिऊ नये. मीही त्यांच्यातलाच आहे.

(१) भुयारातला खेळ

बीदरचा किल्ला पाहिलेला नाही असा आपल्याकडचा विद्यार्थी विरळाच. रंगीन महालातील शिंपल्यांचे जडावकाम पाहून मंडळी बाहेर येतात आणि लगेच विचारतात, “इथून भुयार कुठं निघतं?” आपल्या भागात प्रत्येक किल्ल्याला एक भुयार असते आणि ते कोणत्या तरी दूरच्या गावी निघते, अशी लोकांची श्रद्धा असते. बीदरला तर नौबादजवळ बहमनी काळातील करेज आहे. जमिनीखाली खोदलेला पाण्याचा बोगदा आणि त्यावर ठराविक अंतराने विहिरींसारखी उभी तोंडे, अशी ती रचना. वरून डोकावले की खालच्या काळोखात काय असेल, ही ओढ आपोआप लागते.

व्हिडिओ गेममधील एक मोठी शाखा याच ओढीवर उभी आहे. तिला ‘डंजन क्रॉलर’ म्हणतात. डंजन म्हणजे किल्ल्याखालचे बंदिस्त तळघर; क्रॉलर म्हणजे त्यातून चाचपडत पुढे सरकणारा. खेळणारा एका दालनात शिरतो. तेथे राक्षस किंवा सापळे असतात. त्यांतून वाचला तर दार उघडते, काही वस्तू हाती लागते आणि पुढचे दालन येते. १९८० साली अमेरिकेतील विद्यापीठीय संगणकांवर पसरलेला ‘रोग’ हा खेळ या शाखेचा मूळपुरुष मानला जातो. त्यात चित्रे नव्हतीच. भिंती, दारे, राक्षस सारे टंकावरच्या अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखविलेले असे. मात्र दर खेळीला भुयार नव्याने रचले जाई, आणि मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

या शाखेला आपल्या काळात नवी पालवी फुटली ती ‘इंडी’ निर्मात्यांमुळे. मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय दोघा-चौघांनी किंवा एका लहान मंडळीने केलेल्या खेळाला इंडी म्हणतात. नाटकाच्या भाषेत बोलायचे तर व्यावसायिक रंगभूमी आणि प्रायोगिक रंगभूमी यांत जो फरक, साधारण तोच येथे आहे. पैसा कमी असल्याने अशा मंडळींनी हुबेहूब छायाचित्रासारखी दृश्ये काढण्याचा हट्ट सोडला आणि व्यंगचित्राची, कार्टूनची शैली स्वीकारली. ही शैली स्वस्तात येते, असे प्रारंभी वाटले. पुढे असे दिसून आले की तिच्यात काही गोष्टी अधिक धीटपणे सांगता येतात.

(२) रडणाऱ्या मुलाची गोष्ट

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे २०११ साली एडमंड मॅकमिलन आणि फ्लोरियन हिम्सल या दोघांनी केलेला ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’. बायबलमध्ये अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याचा बळी देण्याची सिद्धता केल्याची जी कथा आहे, तिच्यावरून हे नाव आले. खेळातील आयझॅक हा एक लहान मुलगा आहे. त्याच्या आईला वरून आवाज ऐकू येतो, की मुलाचा बळी दे. मुलगा जमिनीतल्या झडपेतून तळघरात उडी टाकतो. तेथे त्याच्यावर विचित्र प्राणी धावून येतात. त्याच्याजवळ शस्त्र नाही. तो रडतो, आणि त्याचे अश्रू हेच त्याचे बाण होतात. सारी चित्रे व्यंगचित्राच्या धर्तीची, मोठ्या डोक्याची आणि बटबटीत डोळ्यांची आहेत. त्यांत रक्त आणि घाणही भरपूर आहे.

समीक्षकांनी या खेळाचे एकंदरीत चांगले स्वागत केले. निरनिराळ्या समीक्षणांचे गुण एकत्र करून सरासरी काढण्याची पद्धत तिकडे आहे; तिच्यानुसार त्याला १०० पैकी ८४ गुण पडले. दर खेळीला बदलणारी रचना आणि शेकडो वस्तूंचे परस्परांशी होणारे अनपेक्षित मेळ यांची प्रशंसा झाली. तो ज्या साधनाने बांधला होता त्याच्या मर्यादेमुळे पडद्यावर गर्दी झाली की खेळ मंदावतो, हा दोषही दाखविला गेला. विषयाबद्दल मात्र मतभेद राहिले. निन्टेन्डो कंपनीने २०१२ साली धार्मिक आशयाचे कारण सांगून हा खेळ आपल्या हातात धरायच्या यंत्रावर येऊ दिला नाही. त्याच्या नव्या आवृत्तीला २०१५ साली तिचे दार उघडले. ॲपल कंपनीने २०१६ साली मुलावरील हिंसेचे कारण देऊन तिला नकार दिला आणि २०१७ साली परवानगी दिली.

खेळ तोच, चित्रे त्याच धाटणीची, आणि तरी नकाराचा होकार झाला. याचे एक कारण असे की दरम्यानच्या काळात लोकांनी तो नुसता पाहिला नाही, तर खेळून पाहिला. एक उदाहरण देतो. तळघरात आयझॅकला काही वस्तू सापडतात : एक कमरेचा पट्टा, एक लाकडी डाव. त्या उचलल्या की तो अधिक वेगाने पळू लागतो. खेळणाऱ्याला आधी आनंद होतो, की वेग वाढला. मग हळूहळू त्याच्या ध्यानात येते, की ज्या घरात पट्टा आणि डाव हाती आले की मूल वेगाने पळते, त्या घरात त्यांचा उपयोग कशासाठी होत असेल! ही गोष्ट खेळात कोणी बोलून दाखवीत नाही. ती खेळणाऱ्याच्या बोटांना आधी कळते आणि मनाला मागाहून. केवळ चित्र पाहणाऱ्याला येथे किळस दिसते; खेळणाऱ्याला करुण रस लाभतो.

(३) पुण्याची ‘राजी’

आता आपल्या जवळच्या उदाहरणाकडे वळू. पुण्यात २०१७ साली ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही लहान संस्था निघाली. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. त्यांनी हाती घेतलेला पहिला मोठा खेळ म्हणजे ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. त्याच वर्षी लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरीही काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ प्रथम निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आणि १५ ऑक्टोबर २०२० रोजी संगणक व इतर यंत्रांवर प्रकाशित झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी ज्या पाच खेळांना नामांकन मिळाले, त्यांत ‘राजी’ होती. पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’ या खेळाला गेले. पण पुण्याच्या एका लहान मंडळीचे नाव त्या यादीत येणे ही साधी गोष्ट नव्हती.

कथानक थोडक्यात असे : राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर पुन्हा पृथ्वीवर चाल करून येतात आणि तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. त्यांचा स्वामी महाबलासुर. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्यही मिळते, आणि ती भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत तिची कथा सांगत असतात. काटेकोर अर्थाने हा भुयारखेळ नव्हे. दर खेळीला तो नव्याने रचला जात नाही. पण तो त्याच कुळातला आहे. वरून तिरप्या नजरेने दिसणाऱ्या किल्ल्यांतून आणि महालांतून राजी दालनामागून दालन ओलांडते. बंदिस्त चौकात असुर तिला घेरतात आणि ते पडल्याशिवाय पुढची वाट खुली होत नाही.

दृश्य बाजू फार मेहनतीने केलेली आहे. राजस्थानी वास्तूंच्या धर्तीचे किल्ले, पहाडी लघुचित्रांची आठवण करून देणारे हाताने रंगविलेले पृष्ठभाग, भिंतींवर देवांच्या कथा सांगणारी चित्रे. कथेचे मधले दुवे छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखविले आहेत. संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे असून ते भारतीय वाद्यांना धरून आहे.

(४) समीक्षक काय म्हणाले?

समीक्षकांच्या मतांत एक चमत्कारिक एकवाक्यता आढळते. चित्रे, वास्तू, संगीत आणि क्वचितच खेळांत येणारी भारतीय पौराणिक पार्श्वभूमी यांची बहुतेकांनी स्तुती केली. आणि बहुतेकांनी तीच गाऱ्हाणीही केली. लढताना राजीच्या हालचाली बोटांच्या आज्ञेला वेळेवर साथ देत नाहीत; उड्यांचा अंदाज चुकतो; कॅमेरा खेळणाऱ्याच्या ताब्यात नसून कित्येकदा फार दूर असतो; पाच-सहा तासांत खेळ संपतो आणि शेवट तुटल्यासारखा वाटतो. सरासरी गुण आयझॅकपेक्षा खाली राहिले.

माझ्या विद्यार्थ्याला या गाऱ्हाण्यांचा राग आला होता. मी स्वतः खेळायला बसेपर्यंत मलाही ती किरकोळ वाटत होती. इतके देखणे काम, आणि उडी चुकते म्हणून गुण कापायचे? मग मी कंट्रोलर हातात घेतला. एका कठड्यावरून दुसऱ्या कठड्यावर जाताना राजी खाली पडली. पुन्हा पडली. मी म्हटले, माझे वय झाले, बोटे जड आहेत. विद्यार्थ्याने हातात घेतले, तोही दोनदा पडला आणि हसून म्हणाला, “सर, इथं सगळेच पडतात.” जे त्याच्या बोटांना ठाऊक होते, ते त्याच्या चार पानांत का आले नव्हते?

मला वाटते, याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, समीक्षा दृश्य आणि श्रव्य यांचीच असते असे आम्हीच त्याला शिकविले. दुसरे म्हणजे, आपल्या माणसाचा दोष चारचौघांत सांगू नये, हेही आम्हीच शिकविले. दोन्ही गोष्टींचा विचार केला पाहिजे.

(५) डोळा आणि हात

मर्ढेकरांनी मराठी समीक्षेला एक प्रश्न विचारावयास शिकविले : या कलेचे माध्यम कोणते? चित्राचे रंग, संगीताचे स्वर. मग साहित्याचे काय? त्यांचे उत्तर सर्वांना पटले नाही, पण प्रश्न टिकला. तो खेळाला लावून पाहू. खेळाचे माध्यम चित्र नव्हे, कारण चित्र काढून घेतले तरी ‘रोग’ हा खेळ उरतो. ध्वनीही नव्हे. खेळाचे माध्यम आहे खेळणाऱ्याची कृती. नाटकात नट करतो आणि प्रेक्षक पाहतो. खेळात पाहणाराच करतो. देवांनी मागितलेल्या क्रीडनीयकात दृश्य होते, श्रव्य होते. त्यात हाताने करावयाचे असे आता आणखी एक अंग जोडले गेले आहे, असे म्हणावे लागेल.

हे मान्य केले की दोषांचे वजन बदलते. या बाबतीत आपल्या परंपरेत दोन मते आहेत. दंडीचे म्हणणे असे, की काव्यातील अल्प दोषही उपेक्षू नये. सुंदर शरीरावर कोडाचा एकच डाग पडला तरी ते विरूप होते. उलट कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाचे वर्णन करताना म्हटले आहे, की गुणांच्या समुदायात एखादा दोष चंद्राच्या किरणांत त्याचा डाग बुडावा तसा बुडून जातो. वर्गात मी ही दोन्ही मते शेजारी मांडतो आणि विद्यार्थी विचारतात, की खरे कोणते? ‘राजी’ खेळल्यावर मला असे वाटू लागले, की ती दोन वेगळ्या ठिकाणी खरी आहेत. भिंतीवरील एखाद्या चित्राची रेघ चुकली तर ती एकदा दिसते आणि मागे पडते. तेथे कालिदासाचा न्याय लावावा. पण उडी चुकीची बांधली असेल तर ती चूक शंभर वेळा हाताला लागते. ती एका ओळीतल्या खटकणाऱ्या शब्दासारखी नाही. सबंध कवितेचे वृत्तच ढळावे तशी ती आहे. तेथे दंडीचाच न्याय लागतो. समीक्षकांनी उडीवर बोट ठेवले ते क्षुल्लकपणाने नव्हे, तर त्यांनी माध्यमावर बोट ठेवले.

पण त्या समीक्षकांचेही काही चुकले, असे माझे मत आहे. त्यांतील पुष्कळांनी दोन याद्या केल्या : डोळ्यांचे गुण एकीकडे, हाताचे दोष दुसरीकडे, आणि खाली बेरीज. डोळा आणि हात यांचा परस्परांशी संवाद होतो की नाही, हा खरा प्रश्न राहून गेला. आयझॅकमध्ये तो संवाद आहे. चित्र ओबडधोबड असले तरी हात जे करतो तेच चित्र सांगते. ‘राजी’त तो कोठे आहे? मला एक जागा सापडली. लढाईत राजी खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवतालच्या असुरांना झोडपते. भिंतीवर दोन पावले धावून उलटी झेप घेते. त्या क्षणी ती सर्कशीतली मुलगी आहे हे कोणी सांगावे लागत नाही. आपल्या बोटांनी ते केलेले असते. तेथे कथा, चित्र आणि कृती एक होतात. उलट इतर पुष्कळ ठिकाणी ती कोणीही योद्धा असती तरी चालले असते.

आणखी एक जागा आपल्या भागातील वाचकालाच दिसेल अशी आहे. छायाबाहुल्यांच्या दृश्यांची सर्वत्र स्तुती झाली. कर्नाटकात या कलेला ‘तोगलु गोंबेयाट’ म्हणतात. ती परंपरेने चालविणारे किळ्ळेक्यात लोक घरी मराठीशी नाते सांगणारी बोली बोलतात आणि खेळ मात्र कन्नडमध्ये करतात; मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असलेल्या या नियतकालिकाला त्यांच्याइतके जवळचे दुसरे कोण असेल? महाराष्ट्रात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर लोक चामड्याच्या बाहुल्यांचा आणि चित्रकथीचा वारसा सांभाळतात. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या कलेचे मर्म काय? पडद्यावर सावली दिसते, पण सारा जीव मागच्या माणसाच्या हातात असतो. बाहुलीची काठी किती कलवायची, पडद्यापासून किती दूर न्यायची, हे हाताचे ज्ञान आहे. ‘राजी’त मात्र छायाबाहुल्या आल्या की खेळणाऱ्याचे हात रिकामे होतात, तो नुसता पाहत बसतो. जी कला आपल्याकडे संपूर्णपणे हाताची आहे, ती येथे केवळ डोळ्यांची झाली. त्या दृश्यांत एखादी बाहुली खेळणाऱ्याच्या हाती दिली असती तर! हा दोष परदेशी समीक्षणांत मला आढळला नाही, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या स्तुतीतही नव्हता. तो दिसण्यासाठी आपली संस्कृती माहीत असावी लागते, हे खरे. पण तो बोलून दाखविण्यासाठी अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागतो, हेही तितकेच खरे.

(६) मळखेडचा धडा

आता दुसरे कारण. आपल्या माणसाचे दोष सांगावेत का?

कलबुर्गी जिल्ह्यातील सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. राष्ट्रकूटांची ती राजधानी मान्यखेट. इसवी सनाच्या नवव्या शतकात नृपतुंग अमोघवर्षाच्या दरबारी श्रीविजयाने ‘कविराजमार्ग’ रचला. उपलब्ध कन्नड ग्रंथांत हा सर्वांत जुना. आपल्या भाषेचा अभिमान त्यात ओसंडून वाहतो. कन्नड मुलखातील माणसे शिकलेली नसली तरी काव्यात निपुण असतात, असे तो म्हणतो. आणि तरीही, दंडीच्या वाटेने जाणाऱ्या या ग्रंथाचा पहिला परिच्छेद कशाविषयी आहे? काव्यातील दोष आणि अदोष यांच्या निर्णयाविषयी. अलंकार मागाहून येतात. अभिमान आणि दोषदर्शन यांत त्या ग्रंथकाराला विरोध दिसला नाही. ज्याच्यावर माया आहे त्याचेच दोष निरखून पाहावेत, असा त्याचा रिवाज दिसतो.

आपण सीमाभागातले लोक या बाबतीत हळवे आहोत, हे मी स्वतःवरून सांगतो. अशा नियतकालिकांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांच्या मराठी कविता मी वर्षानुवर्षे तपासल्या आहेत. इकडे मराठी लिहिणारी मुले आधीच थोडी. त्यांचा विरस नको, म्हणून कित्येक ढिल्या ओळी मी तशाच सोडल्या. ती माया आहे, असे मी समजत होतो. पुढे त्यांतला एक जण दुसऱ्या शहरात शिकायला गेला. तेथे त्याची कविता निर्दयपणे तपासली गेली. सुट्टीत भेटला तेव्हा त्याने एवढेच विचारले, “सर, तुम्हांला हे दिसलं नव्हतं का?” दिसले होते. मी बोललो नव्हतो. त्यानंतर त्याने कविता लिहिली की नाही, मला ठाऊक नाही.

‘राजी’च्या कर्त्यांनी मात्र ऐकले, असे दिसते. २०२२ साली त्यांनी खेळाची सुधारलेली आवृत्ती काढली. तीत हिंदी आवाज घातले आणि चित्रांबरोबर लढाईवरही हात फिरविला. कोणी बोट ठेवलेच नसते तर कशावर हात फिरविला असता?

शेवटी पुन्हा नाट्यशास्त्राकडे येतो. क्रीडनीयक तयार झाले, इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिला प्रयोग झाला. विषय होता देवांनी केलेला दैत्यांचा पराभव. म्हणजे ‘राजी’चा जो विषय, जवळजवळ तोच. प्रेक्षकांत दैत्यही होते. त्यांना तो रुचला नाही आणि त्यांनी प्रयोग बंद पाडला. नाट्याच्या इतिहासातील ही पहिली प्रतिकूल समीक्षा! इंद्राने ध्वजाचा दांडा उचलून त्यांना बडविले. पण प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. मग ब्रह्मदेवाने त्यांना जवळ बोलावून विचारले, की तुमचे म्हणणे तरी काय आहे? ते ऐकून घेतले आणि नाट्य एकट्या देवांसाठी नसून त्रैलोक्यासाठी आहे, हे समजावून सांगितले. नावे ठेवणाऱ्याला असुर समजून दांडा उचलणे हा इंद्राचा मार्ग. त्याचे म्हणणे विचारणे हा ब्रह्मदेवाचा. ज्याने खेळणे घडविले त्याने दुसरा मार्ग धरला, हे विद्यार्थी मित्रांनी लक्षात ठेवावे.

आमच्या विद्यार्थ्याने आपले समीक्षण पुन्हा लिहिले. चाराची सहा पाने झाली. या वेळी दोष आधी होते, आणि त्यांत ‘इथं सगळेच पडतात’ हे वाक्यही होते. गुणांत त्याने खांबाभोवतीच्या गिरकीवर एक सबंध परिच्छेद लिहिला. तो माझ्यापेक्षा सरस आहे, कारण ती गिरकी त्याच्या बोटांना माझ्यापेक्षा चांगली येते. त्या परिच्छेदातल्या दोन वाक्यांचा अन्वय मात्र बिघडलेला होता. या वेळी मी त्यांवर लाल खूण केली.